विमानातून नेलेलं नाजूक सामान: गोल्फचा सेट, तानपुरा, पेटी, लोणचं... अनुभव लिहा

मारव्याची_संध्याकाळ

भाचा परवा मित्रांबरोबर पुण्याहून बँकॉकला गोल्फ खेळायला गेला. हॉटेलवर पोचून बॅग उघडली तर ड्रायव्हरची, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात लांब काठीची, मान मोडलेली. दांडी बॅगेत, डोकं त्या लोकरी टोपड्यात. त्याने फोटो पाठवला आणि मला आमचा तानपुरा आठवला.

लेक फ्रँकफर्टला राहायला गेली तेव्हाची गोष्ट. मिरजेला करून घेतलेला तानपुरा तिच्याबरोबर द्यायचा होता. करणाऱ्यांनी नीट बजावलं होतं, तारा ढिल्या करा पण पूर्ण काढू नका, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून कापडात बांधून वेगळी ठेवा, भोपळ्याभोवती मऊ आणि त्याच्या बाहेर कडक हवं. सगळं तसंच केलं. फायबरची केस, आत कापूस. तिकडे मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर केस आली ती कडेवर उभी. बाहेरून ओरखडा नाही. घरी उघडली तर भोपळ्याला गळ्याच्या जोडापासून खाली चीर. बोटाने दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची. लेक काही बोलली नाही, आत जाऊन कुकर लावला.

तिथल्या व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा तानपुरा हातात घेतला. टिचकी मारून बघितली, आत टॉर्च मारला आणि विचारलं, ही भाजी आहे का? पण पठ्ठ्याने आतून पट्टी लावून असा सांधलाय की आजही वाजतो.

तर लिहा मंडळी. काय नेलंत, कसं बांधलंत, काय फुटलं, काय वाचलं. भाच्याला धागा पाठवणार आहे.

खेकडा_मसाला

ही भाजी आहे का!!! काकू, ऑफिसात मोठ्याने हसले.

हिरवळीवरचा_बेडूक

भाच्याला सांगा, ड्रायव्हरचं डोकं काढूनच न्यायचं. हल्लीच्या बहुतेक ड्रायव्हरबरोबर पाना येतो, स्क्रू सोडला की डोकं अलग. ते टोपड्यात घालून कपड्यांच्या बॅगेत. पानाही चेक-इनमध्येच टाका, हातातल्या बॅगेत असला तर सिक्युरिटीवाले काढून घेतात.

मोडतं कुठे, तर ग्राफाइटची दांडी डोक्यात शिरते तिथेच. बॅग उलटी आपटली की सगळा भार सगळ्यात लांब काठीवर, आणि ड्रायव्हर ४५ इंचांच्या आसपास, म्हणजे पहिला बळी तोच. त्यासाठी स्टिफ आर्म म्हणून ओढून लांब करायचा दांडा मिळतो. बॅगेत ड्रायव्हरपेक्षा दोन बोटं उंच ठेवायचा, मार तो खातो. मिळाला नाही तर मॉपचा दांडा कापून घाला. आमच्या ग्रुपातले कर्नलसाहेब जुनी छत्री घालतात, तीही मजबूत, लाकडी मुठीची.

आयर्न, म्हणजे धातूच्या डोक्याच्या आखूड काठ्या, मोडत नाहीत पण डोकी एकमेकांवर आपटून टवके उडतात. टॉवेल गुंडाळून वरून पट्टा. कडक केस की मऊ कव्हर यावरून आमच्यात भांडणं होतात. कडक केस सुरक्षित, पण चार जण चार केस घेऊन उतरले की एका टॅक्सीत मावत नाहीत, आणि केसचं स्वतःचंच वजन एवढं की २३ किलोत सेट बसवताना घाम फुटतो. मी मऊ कव्हर आणि आत दांडा. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायची दुर्बीण) सुट्या बॅटऱ्या मात्र केबिनमध्ये.

चकलीचा_सोऱ्या

गोल्फ वगैरे आपला प्रांत नाही. आमच्याकडे फुटली ती बरणी. सासूबाईंचं कैरीचं लोणचं, तीन प्लास्टिकच्या पिशव्या, वरून टॉवेल, तरी तेल बाहेर. नारायणपेठ साडी, नवऱ्याचा इंटरव्ह्यूचा शर्ट आणि आतेसासूबाईंनी दिलेली पोथी, तिघांना समान वाटणी. शर्ट धुतला तर पाण्यावर तवंग, आणि बाथरूमला आठवडाभर मेथीचा वास.

खेकडा_मसाला

पोथीला तेल म्हणजे नैवेद्यच की

रॅम्पवरचा_माणूस

विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामात बरीच वर्षं होतो, आता सोडलंय. थोडं आतलं सांगतो.

फ्रॅजाइलच्या स्टिकरवर फार विसंबू नका. माणूस वाचतो, पट्टा वाचत नाही. बॅगेचा बराचसा प्रवास पट्ट्यावर होतो, वळणावर मागची बॅग पुढचीवर चढते, उतारावरून खाली घसरते. बॅगेचा लोंबणारा पट्टा, बाहेर आलेलं हँडल, सुटी चेन अडकली की गेली. म्हणून पट्टे काढून आत टाका किंवा टेपने चिकटवा. मोठ्या विमानात बॅगा कंटेनरमध्ये भरून चढतात. छोट्या विमानात बऱ्याचदा पोटातल्या बुटक्या जागेत माणूस गुडघ्यांवर बसून एकेक बॅग आत सरकवतो. उन्हाळ्यात मुंबईत तिथे बसून बघा. कोणी मुद्दाम फेकत नाही असं म्हणणार नाही, फेकतात, कारण विमान परत उडायला अर्धा-पाऊण तास असतो आणि खाली ढीग.

लांब किंवा वेड्यावाकड्या आकाराचं सामान नेहमीच्या पट्ट्यावर टाकू देऊ नका. चेक-इनला विचारा, मोठ्या सामानाचा काउंटर वेगळा असतो, तिथून ते हाताने जातं. आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन उड्डाणांत भरपूर वेळ ठेवा. घाईच्या बदलीत जास्त मार बसतो, हे माझं निरीक्षण.

चकलीचा_सोऱ्या

दादा, गुडघ्यांवर बसून हे माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी बॅग हलकी भरीन.

रॅम्पवरचा_माणूस

हलकी भरा ताई, आमच्या कमरा वाचतील. एकेक बॅग ३२ किलोच्या वर घेत नाहीत ती याचसाठी.

कलमवाली

नुकसानभरपाईबद्दल पटकन लिहिते, मुलाची शाळा सुटतेय.

१) विमानतळ सोडायच्या आधी, तिथेच, एअरलाइनच्या काउंटरवर लेखी तक्रार. त्या कागदाला पीआयआर (प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट) म्हणतात. टॅग, बोर्डिंग पास, फुटलेल्याचे फोटो. घरी जाऊन उघडलं आणि मग कळलं तरी संपलं नाही, आंतरराष्ट्रीय प्रवासात नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत करता येते. उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी २१ दिवस.
२) आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागतो, १९९९ चा, भारत २००९ पासून त्यात आहे. कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), रुपयांत दीड लाखाच्या वर. ही कमाल आहे, आपोआप मिळत नाही, किंमत सिद्ध करावी लागते. बिलं जपा.
३) देशांतर्गत प्रवासात मर्यादा फक्त २०,००० रुपये. तानपुरा किंवा गोल्फचा सेट असेल तर वेगळा विमा घ्या, किंवा चेक-इनला जादा पैसे भरून जास्त किंमत जाहीर करता येते.
४) काउंटरवर ‘नाजूक सामान, आमची जबाबदारी मर्यादित’ अशा टॅगवर सही घेतात. सही करण्याआधी वाचा.

मारव्याची_संध्याकाळ

कलमवाली, किती उपयोगी! भाच्याला हेच हवं होतं. तो हॉटेलवर जाऊन रडत बसला, पण ७ दिवस अजून आहेत.

धा_तिरकीट

तबला-डग्ग्याचं लिहितो. डग्गा पितळेचा असेल तर पोचा येतो, पण तो ठोकून निघतो. खरी काळजी शाईची, म्हणजे चामड्यावरच्या काळ्या गोलाची. उलटी आपटली की टवका उडतो, मग पुडीच (वरचं अख्खं चामडं) बदला. मी दोन्ही तोंडांवर थर्माकोलची चकती कापून ठेवतो, वर जुनी चादर, गाद्या काढून बाजूला कोंबतो. आत सिलिकाची पाकिटं टाकत नाही, चामडं वाळून ताणलं जातं. तबला शक्यतो हातात. सिक्युरिटीला दर वेळी उघडून दाखवावा लागतो. एकदा त्या जवानाने विचारलं, साहेब वाजवून दाखवता का? मागे रांग होती तरी दोन तिहाया वाजवल्या. मागच्या बाईंनी टाळ्या दिल्या, पण लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवायचा राहिला त्यांचा.

हिरवळीवरचा_बेडूक

गोल्फवाल्याला कोणी असं विचारत नाही :(

पाचवा_काळी_चार

पेटीसाठी: भाता बंद करून हुक लावायचा, वर दोरी. सगळे स्टॉप आत ढकला. पट्ट्यांवर फोमची पट्टी आणि झाकण, म्हणजे पट्ट्या उसळत नाहीत. पोचल्यावर लगेच वाजवू नये, एक दिवस खोलीत राहू द्यावी. तरीही एखादा सूर चिकटतोच. पातळ कागद सुराच्या जिभेखालून अलगद फिरवला की बोलायला लागतो. मिरजेचा तानपुरा म्हणालात म्हणून, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात.

शाडूची_माती

मी दरवर्षी पेणहून गणपती नेते, न्यू जर्सीला. वीतभर, शाडूचा. चेक-इनमध्ये कधीच नाही, हातात. खोक्यात भाताचा पेंढा, सोंडेजवळ कापसाचा बोळा, कारण तुटते ती सोंड किंवा मागचा हात. मुंबईला एक्स-रेच्या पट्ट्यावर बाप्पाला आडवं ठेवा म्हणाले. मी म्हटलं आडवा नाही ठेवणार. वाद झाला नाही. बाई ऑफिसरने हातमोजे बदलले, उभाच तपासला, आणि खोकं परत देताना हळूच माझ्याकडे न बघता हात जोडले.

चकलीचा_सोऱ्या

आणि सुकं खोबरं कोणी टाकू नका बॅगेत. प्रसादाची वाटी होती, काढून घेतली. तेलकट असल्याने आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणे, धोकादायक मालाच्या यादीत आहे.

खेकडा_मसाला

खोबरं धोकादायक?? मालवणात आम्ही रोज जिवावर उदार होतो म्हणजे

रॅम्पवरचा_माणूस

खरं आहे ते. ताई, लोणच्याचं: बरणीत हवा राहिली की वर गेल्यावर ती फुगते आणि तेल बाहेर ढकलते. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब केबिनसारखाच कमी होतो. बरणी गळ्यापर्यंत भरा, तोंडावर क्लिंग फिल्म, मग झाकण, वर टेप, आणि बॅगेच्या मध्यभागी, कडेला नको.

चकलीचा_सोऱ्या

गळ्यापर्यंत भरायला तेवढं लोणचं उरायला हवं ना, मुलं विमानतळावरच अर्धं संपवतात. पण सासूबाईंना सांगते.

शाडूची_माती

सोऱ्याताई, कैरीच्या लोणच्याची रेसिपी द्याल का? आमच्याकडे तेल वर येतच नाही.

चकलीचा_सोऱ्या

तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायचं आणि फोडी बुडतील इतकं घालायचं. मोहरीची डाळ ताजी हवी. प्रमाण सासूबाईंना विचारून संध्याकाळी लिहिते, आत्ता पोळ्या टाकायच्यात.