मदत हवी आहे: गळ नेणारा ड्रोन पाण्यावर मध्येच अडतो

तळ्याकाठचा: गेले तीन रविवार मी हौशी ड्रोनने गळ आत नेऊन टाकण्याचा प्रयत्न करत आहे, कारण हाताने फेकलेला गळ काठच्या शेवाळातच अडकतो. ड्रोन पंचवीस-तीस मीटर नीट जातो, मग पुढे कलतो, थरथरतो आणि पडद्यावर ‘वारा जोराचा आहे’ अशी सूचना येते. पाण्यावर तेव्हा तरंगसुद्धा नसतो. कृपया वाऱ्यावरचे उपाय सांगू नयेत, नेमके उत्तर द्यावे.

जुना वायरमन: ड्रोनचे वजन, शिशाचे वजन, रीलची स्थिती आणि तलावाचे नाव, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. नेमके उत्तर द्यायचे तरी कशावरून?

भोगावतीकाठ: रोहूसाठी शेंगदाण्याची पेंड भाजून कणकेत मळावी आणि लिंबाएवढा गोळा लावावा. मासा आपोआप काठाशी येतो, मग ड्रोन लागतच नाही.

तळ्याकाठचा: काका, आमिषाविषयी मी विचारलेले नाही. ड्रोन 249 ग्रॅमचा, शिसे 60 ग्रॅमचे, आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) पोटाखालच्या चापात अडकवलेला आहे.

होडीवाला: एवढ्याशा ड्रोनला ओझे लावण्यापेक्षा रिमोटची होडी घ्यावी. मी दोन वर्षे वापरतो आहे. ती बंद पडली तरी बुडत नाही.

जुना वायरमन: ज्या शेवाळात गळ अडकतो, त्यात होडीचा पंखा अडकणार नाही काय?

होडीवाला: माझा अजून अडकलेला नाही.

जुना वायरमन: असो. अशा ड्रोनवर वारा मोजण्याचे वेगळे यंत्र नसते. जागा धरून राहण्यासाठी किती कलावे लागते, त्यावरून तो वाऱ्याचा अंदाज बांधतो. तंगूस मागे ओढत असेल, तर त्याला तो वाराच वाटणार. शिसे निम्म्यावर आणावे, रीलची तार (तंगूस अडवणारी कडी) पूर्ण उघडी आहे का ते पाहावे, आणि गळ सुटलेला नसताना घरी परतण्याचे बटण मुळीच दाबू नये, कारण तंगूस सैल पडून पात्यांत गुंडाळला जातो.

तळ्याकाठचा: तार उघडीच असते. मात्र आज नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की तंगूस भसाभस सुटू नये म्हणून भाचा तो दोन बोटांच्या चिमटीत धरून बसतो. त्याच्या बोटावर बारीक लाल रेघ उमटली आहे. पुढच्या रविवारी कोल्हापूरच्या राजाराम तलावावर पुन्हा करून पाहतो.

नियमवाला: तलावाचे नाव आधी सांगितले असते तर बरे झाले असते. तो उजळाईवाडीच्या विमानतळाजवळ आहे, आणि 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. शिवाय वजन ओझ्यासकट धरतात. 250 ग्रॅमच्या वर गेल्यामुळे आपला ड्रोन ‘नॅनो’ या सर्वांत हलक्या वर्गात राहत नाही, आणि त्याची नोंदणीही लागते.

भोगावतीकाठ: म्हणूनच पेंड म्हणालो होतो.

तळ्याकाठचा: भाच्याला बोट काढायला सांगितले आहे. परवानगी मिळेपर्यंत गावाकडच्या शेततळ्यावर, 30 ग्रॅम शिसे लावून पाहीन. आणि काका, पेंड किती वेळ भाजायची?