मदत हवी आहे: आरशात स्वतःचे डोळे हलताना का दिसत नाहीत?

आरशात एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर नेली की बुबुळं सरकताना दिसतच नाहीत. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र दिसतात (चित्र किंचित उशिरा येतं म्हणून, एवढं कळलं). एक डोळा झाकून, चष्मा काढून पाहिलं, फरक नाही. पापणीवरून डोळा बोटाने हलकेच ढकलला तर अख्खं जग हलतं, स्वतःहून फिरवला तर ढिम्म!

डोळा हलवायच्या मेंदूच्या हुकमाची प्रत सुपीरियर कॉलिक्युलसकडून (नजर वळवणारा मध्यमेंदूतला भाग) थॅलॅमसमार्गे (मेंदूतलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) फ्रंटल आय फील्डला (मेंदूच्या पुढच्या भागातलं डोळ्यांच्या हालचालींचं क्षेत्र) जाते, हे माकडांवरच्या प्रयोगांबद्दल वाचलंय. अडलंय पुढे: नजर झटकन दुसरीकडे उडी मारते त्या क्षणातलं धूसर चित्र ही प्रत दाबते, की आधीनंतरच्या स्पष्ट चित्रांखाली ते झाकलं जातं? दोन्ही असेल, तर उपकरणांशिवाय वेगवेगळं दाखवता येईल असा प्रयोग कुणाला माहीत आहे का?