जुन्या टबचा नळ गळतोय, पार्ट मिळत नाही

नमस्कार मंडळी,

घर घेतलं तेव्हा तो बिडाचा टब बघून आम्ही दोघंही हरखलो होतो. आता रात्री दोन वाजता त्याची टपटप ऐकत पडलेलो असतो. भिंतीतून दोन चाक्या बाहेर आल्यात आणि मध्ये तोटी. सगळं पितळी, वरचा मुलामा अर्धा उडालेला. गरम पाण्याची चाकी दोन्ही हातांनी पिळली की तासभर थांबतं, मग पुन्हा सुरू.

सेकंदाला साधारण एक थेंब पडतो. म्हणजे दिवसाचे 86,400. चार हजार थेंबांचा लीटर धरला तरी वीसेक लीटर, आणि तेही तापवलेलं!

प्लंबर येऊन गेला. "याचे पार्ट कुठेच मिळणार नाहीत, भिंत फोडून सगळं नवं बसवा," म्हणाला. नळावर कंपनीचं नाव दिसत नाही. कुणाकडे असा जुना नळ पडलेला आहे का? सुटे भाग काढून घेईन.

तोटीग्रस्त

*

अरे, थांब जरा. भिंत फोडू नकोस आणि पार्टही इतक्यात शोधू नकोस. आधी आत काय आहे ते तर बघ.

पाणी तोटीतून येतंय, म्हणजे वायसर किंवा सीट, म्हणजे वायसर जिच्यावर टेकतो ती आतली पितळी कड. चाकीच्या मानेतून झिरपत असतं तर पॅकिंग, म्हणजे मानेत गुंडाळलेला दोरा, म्हटलं असतं. चाकी फिरवली की स्पिंडल, म्हणजे तिला जोडलेला आट्यांचा दांडा, खाली जातो आणि त्याच्या टोकाचा वायसर सीटवर दाबून बसतो, असा हा नळ. इंग्लंडात रॉदरहॅमच्या एका पितळ ओतणाऱ्या कारखान्याने 1845 मध्ये याचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर आतली कल्पना फारशी बदललेली नाही. झिजतं काय, तर वायसर, कधी सीट, कधी पॅकिंग. यातलं दुर्मिळ काहीच नाही. दुर्मिळ असतो तो स्पिंडल, आणि तो सहसा खराब होत नाही, आपण त्याचे आटे मारेपर्यंत. तेव्हा दोन्ही हातांनी पिळणं आजच बंद कर. त्याने वायसर आणखी चिरतो आणि सीटवर चरे पडतात.

मेन कॉक बंद कर, दोन्ही नळ उघडे ठेवून पाणी निथळू दे. टबच्या भोकावर जाड टॉवेल टाक. हे सांगतोय कारण माझा एक स्क्रू त्या भोकातून गेला होता, आणि तो नेमका कुठल्याच दुकानात नव्हता.

चाकीवरचं झाकण काढलंस की खाली स्क्रू दिसेल. तो काढूनही चाकी निघाली नाही तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नकोस. चिनी मातीची असेल तर तडकेल. चाकी ओढायचा पुलर मिळतो. गंजतेल सोडून रात्रभर ठेव, मग पुलर लाव. आतली मोठी नट भिंतीत खोल असते, तिथे साधा पाना पोचत नाही. टबच्या नळांसाठी लांब पोकळ नळीसारखे सॉकेट येतात, तेच घे. आणि नट सैल करण्याआधी चाकी अर्धा फेरा उघडी कर, नाहीतर वायसर सीटवर दाबलेलाच राहतो आणि सगळा ताण आट्यांवर येतो.

काका

*

काका, सगळं पटलं, पण सीट तुम्ही एका ओळीत उरकलीत! माझ्याकडे नवा वायसर तीनच महिने टिकला. मग बॅटरी लावून आत बघितलं. सीटच्या कडेला नखाएवढी खाच होती, आणि नवा वायसर दर वेळी तिच्यावरच कापला जात होता.

स्पिंडल काढल्यावर आत बोट घालून कडेवरून फिरव. खरखरीत लागलं तर सीटच्या भोकाचा आकार बघ. चौकोनी किंवा षट्कोनी असेल तर सीट आट्यांची असते, एल आकाराच्या सीट-पान्याने निघते आणि बदलता येते. भोक गोल असेल तर ती नळातच घडवलेली असते. तिला घासून सपाट करायचा कटर येतो. हलक्या हाताने दोन-तीन फेरेच मार. पितळ मऊ असतं, आणि एकदा जास्त घासलं की परत येत नाही. माझ्याकडे कटर आहे, घेऊन जा.

आणखी एक. गरम आणि थंडाचे स्पिंडल एकाच नळात उलट्या आट्यांचे असू शकतात. काढल्या काढल्या दोन्हींना चिठ्ठी बांध. आणि खरंच नवा स्पिंडल लागलाच तर नुसता फोटो पाठवून उपयोग नाही. पूर्ण लांबी, आट्यांचा व्यास, एका इंचात आटे किती, आणि चाकी बसते त्या टोकावरचे दाते मोजून ठेव. एक दाता कमी-जास्त असला की चाकी बसत नाही. त्यापेक्षा जुना स्पिंडलच खिशात घालून दुकानात जाणं बरं.

ताई

*

ताई, सीटचं बरोबर आहे, मी घाई केली. पॅकिंगला पूर्वी ग्रॅफाइट लावलेला दोरा असायचा, आता टेफ्लॉनचा मिळतो. जुना सगळा खरवडून काढ, नवा दोन-तीन वेढे दे. ग्रीस सिलिकॉनचंच लाव, खनिज तेलाच्या ग्रीसने रबर फुगतं.

काका

*

मंडळी,

शनिवार अख्खा गेला. गरमाची चाकी पुलरनेही हलेना. केस वाळवायच्या यंत्राने दहा मिनिटं शेकवली, तेव्हा करकर करत सुटली. वायसर इतका कडक झाला होता की बोटांनी वाकवला तर मोडला. त्यावर सीटचा गोल कोरल्यासारखा उमटला होता, आणि एका जागी आरपार चीर.

तो धरणाऱ्या स्क्रूचं डोकं फिरवताच तुटून हातात आलं. काकांना फोन करून मधोमध बारीक भोक पाडलं, उरलेला उलट्या फिरकीने काढला, नवा पितळी टाकला. सीट गोल भोकाची निघाली. ताईंचा कटर दोन फेरे फिरवला, मग बोटाला काहीच लागेना. वायसर घेताना जुन्याशी जुळवला नाही, तो चेपून पसरला होता. स्पिंडलच्या टोकाची वाटी मोजली आणि तिच्यात नीट बसेल तो घेतला.

पाणी सोडल्यावर तोटी कोरडी, पण मानेतून एक थेंब आला. पॅकिंग दाबून धरणारी ग्लँड नट आणखी पाव फेराही नाही फिरवली, थेंब थांबला. आता चाकी दोन बोटांनी बंद होते.

थंडाची बाजूही उघडली. तिचा वायसर अजून मऊ होता, तरी बदलला. ताई, कटर पुसून ठेवलाय, येत्या रविवारी आणून देतो.

तोटीग्रस्त