.३१५ रायफलच्या दस्त्यावरचं व्हार्निश काढू का?

वाळपईकर: वडिलांची .३१५ आता माझ्या परवान्यावर आलीय. ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्याच धाटणीची, बोल्टवाली, म्हणजे हातानं दांडा मागे-पुढे करून गोळी भरायची. लाकडी दस्त्यावर कोणीतरी फर्निचरचं व्हार्निश फासलंय, पावसात पांढरं पडतं. घासून काढू? आणि नळी थोडी कापून घेतली तर रानात सोपी पडेल का?

कुळागर६२: नळीचा विचारच सोडा. शस्त्र कायदा १९५९, कलम ६. आखूड करायला वेगळा परवाना लागतो. दस्त्याला खोबरेल लावा, घरचंच आहे.

जुनंलाकूड: खोबरेल अजिबात नको, ते कधी सुकत नाही, धूळ धरतं. सँडपेपरही नको. लाकडावर कारखान्याचे ठसे असतात, ते एकदा घासले की गेले. आधी रायफल रिकामी आहे ना बघा, मग दस्ता उतरवा. व्हार्निश काढायचा रिमूव्हर ब्रशनं लावून बोथट प्लास्टिकनं खरवडा. मग बॉइल्ड लिनसीड, म्हणजे जवसाचं तेल, हार्डवेअरवाल्याकडे मिळतं. बोटानं चोळायचं, अगदी पातळ, जास्तीचं पुसून टाकायचं. नळी बसते त्या आतल्या खाचेतही लावा. तिथं लाकूड कोरं राहिलं तर ओल पिऊन फुगतं, नळीला दाबतं आणि नेम हलतो. लोक बाहेरून चमकवतात आणि आत बघत नाहीत! तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. उघड्या पसरून वाळवा.

वाळपईकर: आताच करू?

जुनंलाकूड: या पावसात? चतुर्थी जाऊ दे, दिवाळीनंतर बघा. तोवर चामड्याच्या म्यानातून बाहेर ठेवा, कुलपातच. चामडं ओल धरतं.