खासगी पूलवाल्या व्हिलात राहून आलात? इथे सांगा (अनुभव धागा)

दिग्रसहून धागा काढतेय.

लग्नसराई संपली की आमच्या तालुक्यातली व्हॉट्सॲप स्टेटसं बदलतात. हळदीच्या फोटोंच्या जागी निळाशार पूल, पुलात तरंगणारं वेताचं तबक, तबकात पपई आणि अंड्याचं काहीबाही, आणि मागे ओळखीचं पोरगं गॉगल लावून. नवी जोडपीच जातात असं नाही. पुण्याला नोकरी करणारी मुलं आईवडिलांना पाठवतात. बियाणं-औषधाच्या कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या कृषी केंद्रवाल्यांना नेतात. पण येऊन विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, "मस्त होतं."

मस्त म्हणजे काय, ते लिहा. समुद्र किती निळा होता ते नको, ते फोटोत दिसलं. दुपारी दोन वाजता तुम्ही तिथे काय करत होता, जेवलात काय, बिलात काय काय लागलं आणि ती जागा चालवणारी माणसं कोण होती, ते सांगा. तक्रार असेल तर हॉटेलचं नाव टाकू नका. वऱ्हाडीत लिहा, झाडीबोलीत लिहा, जशी येईल तशी.

दारव्ह्याचा कृषी केंद्रवाला

मंग मीच सुरू करतो. कंपनीची टूर होती, बाली. आधी साध्या हॉटेलात ठेवलं, अन् शेवटी ज्याईचा माल सगळ्यात जास्त उठला त्याईले सेमिन्याकच्या व्हिलात टाकलं. एका व्हिलात दोघं. माह्या वाट्याले पुसदचे एक भाऊ आले, साठीच्या घरातले, वजन क्विंटलभर. दार उघडलं तं पलंगावर गुलाबाच्या पाकळ्याईचा बदाम, अन् त्यावर टॉवेलाचे दोन राजहंस, चोचीले चोच लावून. भाऊनं एकडाव पलंगाकडे पायलं, एकडाव माह्याकडे, अन् म्हणे, "मी सोफ्यावर झोपतो."

न्हाणी तं उघडीच. चारी बाजूनं भिंत, वर आभाळ. म्या साबण लावला अन् वरून पाऊस सुरू झाला. शॉवर बंद केला, पावसातच आंगोळ उरकली. ते मात्र आवडलं बाप्पा, खोटं काहून बोलू.

आता दुपारी दोनचं. खासगी पूल म्हणजे छातीइतकं पाणी, चार हात मारले का भिंत. पोहणं लवकरच संपलं. मंग बाकीच्या व्हिलातल्या डीलर लोकाईले फोन लावले अन् सारे आमच्याकडे गोळा झाले. पुलात उभे राहून सोयाबीनच्या भावावर बोलून रायलो. बटलर बिचारा येऊन येऊन टॉवेल ठेवे. कंपनीनं एवढे पैसे एकांताचे मोजले अन् आम्ही तथीबी पार भरवला.

एक ध्यानात ठेवा. तथल्या दरापुढे अधिकची दोन चिन्हं असतात. म्हंजे आधी दहा टक्के सर्व्हिस चार्ज, अन् तो धरून जे होते त्याच्यावर दहा टक्के टॅक्स. शंभराचे एकशे एकवीस. फ्रिजातले काजू फोडाच्या आधी हे वाचा. पुसदच्या भाऊनं फोडल्यावर वाचलं.

कारंजा (लाड), एक ताई

पार भरवला!! आमचे हे वाचून खुर्चीतून पडायचे राहिले.

सिंदेवाहीचा धानवाला

आम्हा दोघांना मुलीनं पाठवलं. बालीतच, उबुदजवळ धानाच्या बांध्यांत व्हिला होता. ती आधीच म्हणाली होती, "बाबा, भातशेतीचा व्ह्यू आहे." मी म्हटलं, बाई, व्ह्यू तर घरच्या मागल्या दारी आहे.

पण गेलो आणि पडदा सरकवला तर बघतच राहिलो. एकाच टेकडीवर कुठं धान लोंबीवर, कुठं हिरवंगार, कुठं नुकताच रोवणा झालेला. आपल्याकडे पाऊस पडला की सारं गाव एकदम रोवण्याला लागतं. तिथं पाणी बारमाही, म्हणून पाळीपाळीनं चालतं. खाली एक म्हातारा टोपी घालून निंदण काढत होता आणि वरच्या व्हिलातली गोरी जोडपी कॉफी घेत त्याचे फोटो काढत होती.

दुपारी दोनला मी त्याच्याकडे उतरलो. हॉटेलच्या स्वयंपाकघरातला पोरगा सोबत आला, त्याच्या घरीही शेती. त्यानं सांगितलेलं लिहितो. तिथं पाण्याचा कारभार शेतकऱ्यांच्या मंडळाकडे असतो, त्याला सुबक म्हणतात. मंडळ पाण्याच्या देवळाशी बांधलेलं. कोणी कधी रोवायचं, कोणाला किती पाणी, सगळं बैठकीत ठरतं. शेकडो वर्षांची रीत. 2012 साली युनेस्कोनं ती जागतिक वारशात घेतली. पाटात एक लाकडी ओंडका आडवा टाकलेला दाखवला, त्याला खाचा कोरलेल्या. ज्याचा वाटा मोठा त्याची खाच रुंद. पाणी आपोआप वाटलं जातं, रात्री जागून राखायची गरज नाही. मी बोटांनी खाचा मोजून पाहिल्या. म्हाताऱ्याला कळलं की हा आपल्यातलाच आहे. त्यानं एक पेंडी हातात दिली, मी दोन ओळी रोवल्या. बायको वरून ओरडून राहिली, "इथं तरी नका ना!"

आमच्या भागात मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातले. कोहळी लोकांनी बांधले. पाणकर ठरवायचा, कोणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, कित्येकांत गाळ भरला, आणि आता पाण्यावरून भांडणं होतात. युनेस्को सोडा, तहसीलदारही फिरकत नाही.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बांधीकडं तोंड असलेल्या खोलीचा दर वेगळा आणि मागच्या खोलीचा वेगळा. मुलीनं फोनवर फरक सांगितला. तेवढ्यात माझ्या एका बांधीचा रोवणा निघतो, मजुरीसकट. हा फरक टोपीवाल्या म्हाताऱ्याला मिळतो का, असं पोराला विचारलं. तो म्हणाला, हॉटेलनं समोरची जमीन भाड्यानं धरली आहे, धान लावत राहावं म्हणून. नाहीतर मालक विकेल, तिथं दुसरा व्हिला उभा राहील आणि मग व्ह्यू कसला? तेगलालांगच्या प्रसिद्ध पायऱ्यांवर तर शेतकऱ्यांनी बांधावरच दानपेट्या ठेवल्या आहेत. लोक कुरकुर करतात. मी प्रत्येक पेटीत टाकले. पाहणाऱ्यानं पैसे द्यावेत, हे मला तरी योग्य वाटलं.

पुलाचं राहिलंच. कडेवरून पाणी सांडत राहतं तसला होता. हिला वाटलं, बांध फुटला. ते पाणी खाली टाकीत जमा होतं आणि पंपानं परत वर येतं.

दर्यापूरचे मास्तर

आमचा मुलगा-सून आम्हाला मालदीवला घेऊन गेले. पाण्यावरचा व्हिला. सौंदर्याबद्दल इतरांनी लिहावं, मी पाण्याबद्दल लिहितो, कारण मी खारपाणपट्ट्यातला आहे. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात बोअर मारली तर खारं पाणी लागतं. चहा फाटतो, डाळ शिजत नाही.

आणि त्या बेटावर गोड पाण्याची नदी नाही, ओढा नाही, तरी न्हाणीत धो धो पाणी. मी रिसेप्शनवर विचारलं, हे येतं कुठून? त्यांनी हौसेनं प्लँट दाखवायला नेलं. समुद्राचं पाणी पंपानं ओढायचं, प्रचंड दाबानं पडद्यातून ढकलायचं, मीठ मागे राहतं. पिण्याचं पाणी तिथेच काचेच्या बाटल्यांत भरतात. पंप चालवायला जनरेटर, जनरेटरला डिझेल, ते बोटीनं येतं. तेव्हा खोलीचा दर का तसा, ते थोडं उमगलं. मग मी आंघोळीला बादली मागितली. मिळाली नाही, बेटावर बादली नव्हती.

जाणाऱ्यांसाठी: बेटावर नेणारं सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. संध्याकाळी मालेला उतरलात तर एक रात्र तिथेच काढावी लागते, आणि तो खर्च पॅकेजात धरलेला असेलच असं नाही. 2025 पासून रिसॉर्टमध्ये ग्रीन टॅक्स माणशी रोज 12 डॉलर झाला आहे. शिवाय जीएसटी 17 टक्के आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. दारू सोबत नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात.

वरुडची सून

मला पूल-बिल काही नको होतं. श्रीलंकेत गॉलच्या किल्ल्यात राहिलो, 1988 पासून जागतिक वारसा आहे तो. आत डच काळातली घरं आहेत, त्यांतली काही मोजक्या खोल्यांची हॉटेलं झालीत. आमच्या घरात मधोमध चौक, चौकात चाफा, भोवती पडवी. सासूबाई आत आल्या आल्या म्हणाल्या, "हा तर माझ्या माहेरचा वाडा!" आणि जमिनीवरच बसल्या. मालकीण धावत खुर्ची घेऊन आली. सासूबाईंनी तिलाही खाली बसवलं.

तिथून बेंतोटाजवळ लुनुगंगा पाहायला गेलो. जेफ्री बावा या वास्तुकाराची जागा. माणूस आधी वकील, अडतिशीत वास्तुकार झाला. 1948 साली ही इस्टेट घेतली आणि 2003 मध्ये जाईपर्यंत तिच्यात बदल करत राहिला. भिंत कमी, ओसरी जास्त, पाऊस दिसेल पण अंगावर येणार नाही. आज श्रीलंकेतली, बालीतली जी ऐटदार व्हिला हॉटेलं दिसतात त्यांतल्या कितीतरींनी त्याचाच कित्ता गिरवलाय. बागेत ठिकठिकाणी घंटा टांगल्यात आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. साहेबांनी कुठली वाजवली त्यावरून नोकराला कळायचं की चहा कुठल्या झाडाखाली न्यायचा. सासऱ्यांना ही युक्ती फार आवडली. मला नाही आवडली, चहा आणायला मीच असते ना.

जेवण मात्र सुरेख. आदल्या रात्री आचारी येऊन विचारायचा, उद्या काय करू? आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला.

कारंजा (लाड), एक ताई

आम्ही 2023 च्या मार्चमध्ये बालीत होतो आणि 22 तारखेला न्येपी आला. त्यांचं शकाचं नवं वर्ष. त्या दिवशी बेटावर दिवे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. रस्त्यावर फक्त चौकडीचं लुगडं नेसलेले पहारेकरी. पर्यटकांनी हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. लोक वैतागले होते, पण व्हिलात अडकण्याचे पैसे आम्ही आधीच भरले होते, मग अडकलो तर बिघडलं काय?

गंमत म्हणजे तोच आपला गुढीपाडवा. त्यांचाही शक 1945 लागला, आपलाही. मी ठरवलं, गुढी उभारायची. कडुनिंबाचा फोटो आदल्या दिवशी माळ्याला दाखवला. तो "इंतारान, इंतारान" म्हणत डहाळी घेऊन आला. काठी म्हणून पुलातली जाळी काढायचा बांबू, वर माझी पैठणी आणि तांब्याऐवजी बर्फाची स्टीलची बादली. बाहेरून दिसू नये म्हणून आतल्या अंगणात उभारली. मॅनेजर बघायला आला, हात जोडले आणि खालच्या आवाजात सांगून गेला की आरती करा, पण दिवा नको.

मोहर्लीकडचा पोरगा

मी अशा ठिकाणी राहिलो नाही. ताडोबाच्या गेटजवळ एका व्हिलावाल्या रिसॉर्टात हाउसकीपिंगला आहे. दारव्ह्याच्या दादा, ते राजहंस तिथंही आमच्यासारखेच बनवतात. टॉवेलची दोन टोकं मध्ये दुमडून कोन करायचा, दोन्ही बाजूंनी घट्ट गुंडाळायचं, मग मान वळवायची. टॉवेल जरा दमट असला तर मान उभी राहात नाही, पाहुणा येईपर्यंत हंस झोपतो. पहिल्या महिन्यात माझे सगळे हंस बदकं व्हायचे.

पाकळ्यांचं पण सांगतो. लोक त्यावरच लोळतात, फोटो काढतात, आणि पांढऱ्या चादरीवर गुलाबाचे डाग पडतात. ते काढायला चादर भिजत घालावी लागते. पाकळ्या जमा करून बाजूला ठेवल्या तर आमचे हात वाचतात. छोट्या पुलावर वानरं पाणी प्यायला येतात, त्यांना बिस्किट देऊ नका, पुढच्या पाहुण्याच्या ताटावर झडप घालतात. आणि टिप द्यायची तर हातात द्या. जिथं मी आधी होतो तिथं काउंटरवरच्या डब्यात टाकलेली टिप आम्हा ठेकेदारीवरच्या पोरांपर्यंत पोचत नव्हती.

पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो, तेव्हा आम्ही घरी रोवण्याला.

उमरखेडहून

मे महिन्यात आईबाबांना पाठवायचं आहे, वावरातली कामं तेव्हाच कमी असतात. कुठं पाठवू? आई माळकरी आहे, कांदा-लसूण चालतो, पण मासळीचा वास नको.

वरुडची सून

मेमध्ये आम्ही गेलो ती गॉलकडची बाजू नको, पाऊस सुरू होतो. श्रीलंकाच हवी तर पूर्व किनारा, त्रिंकोमालीकडे. मालदीवलाही तेव्हा पावसाळा. बाली एप्रिल ते ऑक्टोबर कोरडी असते, तीच बरी. पण चटण्या जपून. बालीच्या सांबलमध्ये बहुतेक वेळा सुक्या झिंग्याचा लगदा असतो. श्रीलंकेची खोबऱ्याची चटणी आपल्यासारखीच दिसते, तिच्यात सुका मासा कुटून घालतात. दिसत नाही, वासही लवकर येत नाही. छोट्या व्हिलाचा फायदा हाच, की स्वयंपाकघरात माणूस एकच असतो. बुकिंग करतानाच लिहून कळवा आणि पोचल्यावर त्यालाच भेटून पुन्हा सांगा.

दारव्ह्याचा कृषी केंद्रवाला

अन् जवसाची चटणी बांधून द्या. आमच्या टूरमध्ये तिसऱ्या दिवसापासून तिचाच भाव सगळ्यात वर होता.