प्रतिसाद: थंडीत बोटीचा एसी गरम हवा का देईना?

दादा, नॉर्वेत बोटीवर राहणाऱ्या तुमच्या भाच्याचा एसी हीट मोडवर कोमट हवा देऊन बंद पडतो, असं तुम्ही लिहिलंत. मी काही वर्षं बोटींच्या एसीचं काम केलं, आता गोंदियाकडे गावी शेती करतो, म्हणून सांगतो.

आपल्याकडे पुसात (पौष महिन्यात) पहाटे विहिरीचं पाणी कसं कोमट लागतं? हवा गारठलेली, पण पाण्यात ऊब असतेच. बोटीचा एसी हीच ऊब ओढतो. त्यातला रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह एसीच्या गॅसची दिशा उलटवतो आणि समुद्राच्या पाण्यातली उष्णता केबिनमध्ये येते. पण पाणी साधारण ४-५ अंशांच्या खाली गेलं की पुरेशी ऊब ओढता येत नाही, उलट कॉइलमधलं (समुद्राचं पाणी जिच्यातून फिरतं त्या नळीतलं) पाणी गोठून ती फुटू शकते. म्हणून त्याला आधी पाण्याचं तापमान मोजायला सांगा, हवेचं नाही.

पाणी त्याहून गरम असेल तर एसीला समुद्राचं पाणी येतं त्या वाटेवरची गाळणी उघडून पाहावी. शेवाळ अडकलं की पंपाचं पाणी कमी होतं. एसीतून फिरून बोटीबाहेर पडणारी पाण्याची धार जोरदार हवी. बहुतेक वेळा दोष इथंच निघतो.

पाणी फारच गार असेल तर डिझेल हीटर, पण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म लावल्याशिवाय झोपायचं नाही, हे त्याला बजावून सांगा. बोट बंद ठेवणार असेल तर सीकॉक (समुद्राचं पाणी बोटीत घेणारी तोटी) बंद करून एसीतलं पाणी काढावं आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) भरावं. इथिलीनवालं नको, ते विषारी असतं.

तापमान कळलं की इथं लिहा, पुढचं पाहू.