चोडण-दिवाडीला स्वतःचा केबल चॅनल हवा का?

मानशीकाठ, चोडण
गोव्यात मांडवी नदीतल्या आमच्या बेटांना आपला छोटा केबल चॅनल हवाच, असं माझं ठाम मत आहे. पणजीचे कॅमेरे इथे येतात ते फेरी बिघडली की, नाहीतर दिवाडीला बोंदेऱ्याच्या उत्सवादिवशी. मागच्या पावसात मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेचं, दार मोडलं आणि भरतीचं खारं पाणी खाजनात, म्हणजे बांधामागच्या सखल शेतात, शिरलं. शेत आमचं, घर बांधापासून हाकेच्या अंतरावर, तरी आईला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. तिच्याकडे बटणांचा फोन आहे. संध्याकाळी सातला मात्र ती टीव्हीसमोर असते, खालची पट्टीसुद्धा सोडत नाही.

अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड या सहा गावांच्या बेटावर एमव्हीटीव्ही हा स्थानिक केबल चॅनल गावांच्या सभा दाखवतो. मग आपली ग्रामसभा का नको?

मळारचा, दिवाडी
आईंचं पटलं, चॅनलचं नाही. तिथे अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने गावाला केबल कंपनीकडून उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेता येतं, त्यातून असे चॅनल पोसले जातात. आपल्या १९९५ च्या केबल कायद्यात तशी सोय नाही. उरल्या जाहिराती. बेटावर जाहिरात देणार कोण? निवडणुकीला उभा राहणारा. मग बांध कुणामुळे फुटला हे त्या चॅनलवर कधीच दिसणार नाही. आणि आमच्या वाड्यावर निम्म्यांनी केबल काढून टाकलीय.

मानशीकाठ, चोडण
पैशांची भीती खरी आहे. पण नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या नियमांत एमएसओला, म्हणजे गावोगावच्या केबलवाल्यांना चॅनल पुरवणाऱ्याला, स्थानिक चॅनलची नोंदणी हजार रुपयांत होते. बातम्या द्यायच्या तर कंपनी काढावी लागते, एवढंच. ग्रामसभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवायला निवेदक लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. काटछाट नसली की उमेदवाराचाही हात पोचत नाही.

रायबंदर धक्का
मी रोज फेरीने जातो. तुम्ही दोघंही टीव्हीलाच धरून बसलात. कम्युनिटी रेडिओ घ्या. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळतो, १०० वॅट प्रसारणशक्तीचा ट्रान्समीटर दोन्ही बेटांना पुरून उरेल. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत हे खरं, पण हवामान, वाहतूक, वीज-पाणी, आपत्तीची सूचना चालते. फेरी बंद, बांध फुटला, हे सगळं त्यात बसतं. शेतात टीव्ही कोण नेणार?

मळारचा, दिवाडी
याला माझा पाठिंबा. वर्गणीही काढू.

मानशीकाठ, चोडण
शेतासाठी रेडिओ चांगला, वर्गणी मीही देईन. पण चॅनलची मागणी सोडत नाही. आईला आता नीट ऐकू येत नाही. ती पट्टी वाचते.